बायपॅपच्या मास्कमधून बोललेलं कळावं म्हणून: रुग्ण, नातेवाईक आणि सिस्टरांसाठी

बायपॅपवरचा (मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवरचा) रुग्ण मास्क ओढून काढतो तेव्हा 'ऐकतच नाहीत' म्हणून सगळे त्याला दटावतात. पुष्कळदा त्याला फक्त काहीतरी सांगायचं असतं. तीन वेळा बोलून कुणाला कळलं नाही, म्हणून चौथ्यांदा तो मास्क खाली ओढतो. मास्क निघाला की फुप्फुसं उघडी ठेवणारा हवेचा दाब त्या क्षणी जातो, ऑक्सिजन उतरायला लागतो आणि धाप लागल्यामुळे काढूनही धड बोलता येत नाहीच. म्हणून मास्क चेहऱ्यावर असताना बोललेलं कळणं हा उपचाराचाच भाग आहे. त्यातलं निम्म्याहून जास्त काम ऐकणाऱ्याचं असतं.

इथलं बहुतेक सगळं नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या फुल फेस मास्कबद्दल आहे, कारण दमा, सीओपीडी (श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुना आजार), हार्ट फेल्युअर अशा कारणांनी वॉर्डात बायपॅप लागतो तेव्हा बहुधा तोच असतो. बाकीच्या मास्कचं शेवटाकडे थोडक्यात सांगितलं आहे.

आधी हे बघा: बोलायला लावायची वेळ आहे का?

श्वास मिनिटाला ३०च्या वर असेल, मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जात असतील किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पातळीखाली सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) गेलं असेल, तर बोलायला लावू नका. तेव्हा फक्त हो-नाहीचे प्रश्न आणि हाताची खूण. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांसाठी ही पातळी मुद्दाम ८८ ते ९२ टक्के ठेवलेली असते. ती पाहून ऑक्सिजन वाढवायचा मोह होतो, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सकाळी नीट बोलणारा माणूस दुपारी असंबद्ध बोलायला लागला, शब्द ओढायला लागला, मध्येच पेंगायला लागला, डोकं दुखतंय म्हणाला, पुढे धरलेले हात फडफडायला लागले, तर तो मास्कचा दोष समजू नका. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची ही लक्षणं असू शकतात. वॉर्डात असाल तर लगेच सिस्टरना सांगा, घरी असाल तर डॉक्टरांना फोन करा आणि महाराष्ट्रात १०८ बोलवा. एका बाजूचं तोंड वाकडं होऊन बोलणं बिघडलं, तरीही तेच करा.

आवाज नेमका कुठे हरवतो

स्वर मास्कमधून बरे येतात. आ, ई, ऊ हे मुख्यतः खालच्या कंपनांचे आवाज, प्लॅस्टिक आणि सिलिकॉनमधून ते बऱ्यापैकी पार होतात. व्यंजनांची ओळख पटवणारे बारीक आवाज, साधारण २००० हर्ट्झच्या वरचे, मास्कच्या भिंतीत अडतात. त्यात मशीनच्या हवेचा 'सूं' आवाज भर घालतो. वर पट्ट्यांनी जबडा आवळलेला असतो. आणि ओठ हलताना दिसत असते तर जी मदत झाली असती, तीही वाफ धरलेल्या प्लॅस्टिकमागे जाते.

मराठीत याचा अर्थ असा, की श, स, च, छ आणि फ, ख, थ, ठ असे श्वासावर चालणारे वर्ण सर्वांत आधी मरतात. 'कफ' आणि 'कप' एकच ऐकू येतात. 'पोट', 'ओठ', 'बोट' यांत फरक राहत नाही. 'उशी' आणि 'कुशी' तर दोन्ही अंथरुणाशीच संबंधित, त्यामुळे संदर्भावरूनही कळत नाही. आणि दिवसातून सगळ्यात जास्त वेळा लागणारे दोन शब्द, 'शू' आणि 'शी', यांचं तर मास्कबाहेर नुसतं 'ऊ' आणि 'ई' उरतं. ते ऐकणाऱ्याला कण्हणं वाटतं, आणि चादर ओली झाल्यावर मग उलगडा होतो.

उपाय शब्द बदलण्याचा. 'शू'ऐवजी 'लघवी' म्हणा. ल, घ, व हे तिन्ही घोष वर्ण आहेत, म्हणजे घशातल्या कंपनासकट येतात, आणि शब्दही तीन अक्षरी आहे. 'शी'ऐवजी 'संडास' किंवा 'भांडं'. 'कूस बदला'ऐवजी 'वळवा'. 'कफ'ऐवजी 'बेडका'. शब्द जितका लांब आणि घोष वर्णांचा, तितका तो मास्कमधून जास्त ओळखू येतो. असे आठ-दहा शब्द रुग्णाशी आधी बोलून ठरवून ठेवा. रुग्ण धापेतून जरा सावरला की हे करायला पाच मिनिटं लागतात, आणि पुढचे कित्येक तास सोपे जातात.

शरीराच्या भागांची नावं मुळीच बोलायला लावू नका. 'हात ठेवून दाखवा' एवढंच म्हणा.

मास्क आणि मशीन: बोलण्याआधी या गोष्टी तपासा

घरी बहुतेकांची समजूत असते, की मास्क जितका घट्ट तितका चांगला. घट्ट पट्ट्यांनी जबडा बांधला जातो, नाकाच्या हाडावर जखम होते आणि गळती थांबतेच असं नाही, कारण जास्त आवळलं की सिलिकॉनचं कुशन दुमडतं आणि हवा बाजूनं निसटते. पट्टा आणि गाल यांच्यामध्ये दोन बोटं सरकली पाहिजेत. मास्क बसवताना मशीन चालू ठेवा, रुग्णाला ज्या कोनात पुढे राहायचं आहे त्याच कोनात ठेवा, आणि तोंड किंचित उघडं ठेवायला सांगा. तोंड मिटून माप घेतलेला मास्क बोलताना हनुवटीपाशी सुटतो. त्याची खालची कड खालच्या ओठाच्या खाली, हनुवटीच्या खळगीत बसली पाहिजे. ती ओठावरच टेकत असेल तर मास्क लहान आहे. मग प, ब, म कधीच नीट येणार नाहीत, माप बदलून मागा.

गळतीचा 'सीं' आवाज अगदी स-श यांच्याच पट्टीत असतो, म्हणून छोटी गळतीही बोलणं झाकते. ओलसर केलेला हात मास्कच्या कडेकडेनं फिरवला की हवा कुठे लागते ते कळतं. डोळ्यांकडे जाणारी गळती आधी बंद करा, तिनं डोळे कोरडे पडून लाल होतात. दाढी आणि जाड मिशा, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी), कवळी काढल्यामुळे बसलेले गाल ही गळतीची नेहमीची कारणं. रुग्ण पूर्ण जागा असेल, मळमळ नसेल आणि कवळी घट्ट बसत असेल, तर डॉक्टरांना विचारून ती घाला. गाल भरतात, मास्क बसतो, आणि दातांवर होणारे त, द, स हे वर्ण परत येतात. पेंगत असेल किंवा झोपणार असेल तर मात्र कवळी बाहेरच.

मास्कच्या कोपऱ्यापाशी किंवा समोर बारीक भोकं असतात आणि त्यातून सतत हवा सुटत असते. ती गळती नव्हे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. आवाज कमी व्हावा म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणं, रुमाल ठेवणं, बोलताना हात धरणं, यातलं काहीही करू नका. काही हॉस्पिटलांतल्या मास्कला ही भोकं नसतात, कारण त्यांच्या व्हेंटिलेटरला श्वास बाहेर सोडायची वेगळी सोय असते. असा मास्क घरी आणून घरच्या मशीनला जोडणं धोक्याचं आहे.

नळीत पाणी साठलं की गुडगुड आवाज येतो आणि बोलण्यातले बारीक आवाज त्यात बुडतात. नळी मशीनपासून मोकळी करून पाणी रुग्णापासून लांब, तसराळ्यात उतरवा. थंडीत किंवा एसीच्या खोलीत हे रोज होतं. नळीला कापडी खोळ घातली, की पाणी कमी साठतं. ह्युमिडिफायरमध्ये (हवा दमट करणाऱ्या भांड्यात) डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंतच भरा.

कोरडं तोंड हे बोलणं बिघडायचं फार मोठं आणि फार दुर्लक्षित कारण आहे. जीभ टाळूला चिकटली की ट, ड, ल, र काहीच उठत नाही. दर दोन ते चार तासांनी, मास्क सोडायची परवानगी असलेल्या वेळात, ओल्या गॉजनं किंवा स्वॅबनं तोंड आतून पुसा, आणि गिळायला परवानगी असेल तर चमच्यानं पाणी द्या. ओठांना तूप, खोबरेल तेल, व्हॅसलीन लावायची आपल्याकडे सवय असते. ऑक्सिजन चालू असताना तेलकट काहीही चेहऱ्यावर नको, आगीचा धोका असतो आणि मास्कचं कुशनही खराब होतं. पाण्यात विरघळणारं जेल मेडिकलमध्ये मिळतं, ते लावा.

दाब कमी केला तर बोलणं सोपं होईल, हे खरं आहे. बायपॅप सुरू करताना श्वास घेतानाचा दाब बहुधा १० ते १५ सेंटिमीटर पाणी (हे हवेचा दाब मोजायचं माप) आणि सोडतानाचा ४-५च्या आसपास असतो, आणि गरजेप्रमाणे तो वाढवत नेतात. पण तो आकडा रक्तातले वायू पाहून ठरलेला असतो. त्याला हात लावू नका. बोलताना फार त्रास होतो हे राउंडच्या वेळी डॉक्टरांना सांगा. दाब किती झपाट्यानं चढावा, मशीननं श्वास कधी ओळखावा, हे बदलून काही वेळा फरक पडतो.

रुग्णाला शिकवायचं ते

सगळ्यात आधी मशीनचा आवाज ऐकायला शिकवा. हवा आत येते तेव्हा 'सूंऽऽ' असा चढता आवाज येतो, मग तो एकदम खाली पडतो. पडला, की बोलायची वेळ. चढत्या आवाजावर बोललं तर मशीन आणि रुग्ण दोघांची झटापट होते, आवाज बुडतो आणि हवा पोटात जाऊन पोट फुगतं. रुग्णाच्या हातावर हात ठेवून दोन-तीन श्वास नुसते मोजा, आणि आवाज खाली येताच बोटानं हलकं दाबा: 'आता.' चार-पाच वेळा केलं की बहुतेकांना लय सापडते.

एका श्वासात किती बसतं याचा हिशेब करून बघा. मिनिटाला २४ श्वास, म्हणजे एका श्वासाला अडीच सेकंद. त्यातले सोडायला मिळतात दीड सेकंदाच्या जवळपास. सावकाश बोललेली चार-पाच अक्षरं तेवढ्यात होतात: 'पाठ दुखतेय'. बस्स. पुढचं पुढच्या श्वासात. रुग्ण काही न सांगता मध्ये थांबला तर वाक्य संपलं असं समजून आपण उठून जातो. म्हणून 'अजून आहे' याची एक खूण ठेवा, बोट वर धरलेलं राहू द्या.

आता मराठीचा एक खास खड्डा. आपल्या वाक्यात नकार शेवटी येतो: 'पाणी नको', 'दुखत नाही', 'त्याला बोलवू नका'. श्वास संपतो तोही शेवटीच. त्यामुळे ऐकणाऱ्याला 'पाणी' ऐकू जातं, 'नको' मास्कमध्येच विरतं, आणि पाण्याचा पेला तोंडाशी येतो. रुग्णाला सांगा, नकार आधी: 'नको... पाणी.' आणि नको म्हणताना तळहात समोर धरायचा. तसंच वाक्य पूर्ण करायच्या भानगडीत पडू नये. 'माझ्या पाठीखालची उशी जरा डावीकडे सरकवता का' याऐवजी 'उशी' म्हणून पाठ दाखवणं, मग 'डावीकडे'. घरातल्या वडीलधाऱ्यांना असं तोडून बोलणं उद्धट वाटतं, विशेषतः सिस्टरांशी. त्यांना स्पष्ट सांगा, की इथे असंच बोलायचं असतं.

ओरडू देऊ नका. ओरडताना जबडा खाली जातो, हनुवटीशी सील सुटतं, मशीन गळती भरायला आणखी हवा ढकलतं आणि गोंगाट वाढतो. कुजबुजूनही उपयोग नाही. कुजबुजीत घशाचं कंपन नसतं, म्हणजे मास्कमधून जाणारा तेवढा आवाजच नाहीसा होतो, आणि श्वास मात्र जास्त खर्च होतो. हवी ती मधली पट्टी: नेहमीच्या आवाजात, स्वर जरा लांबवून, जबडा थोडाच उघडून आणि ओठ-जिभेला जास्त काम देऊन.

मान हलवून हो-नाही सांगणं टाळा. मास्क सरकतो, शिवाय आपल्याकडची मान डोलावणं बघून हो म्हटलं की नाही, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. 'हं' आणि 'अंहं' हेही मास्कमध्ये सारखेच. हात एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. हातात जोर नसेल तर पापण्या.

ऐकणाऱ्यानं काय करावं

पंखा मोठा असेल तर कमी करा, टीव्ही बंद करा, खिडकीखाली रस्ता असेल तर खिडकी लावा. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) उशाशी ठेवलेला असतो, त्याची घरघर सतत कानाशी. पुरवठादाराला विचारून लांब नळी घ्या आणि यंत्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपासून वीतभर दूर, हवा खेळेल असं ठेवा. अलार्म मात्र स्वतः बंद करायचा नाही. वाजत असेल तर आधी तो का वाजतोय ते सिस्टरना पाहू द्या.

रुग्णाचं श्रवणयंत्र पट्टे लावताना काढून डब्यात ठेवलं जातं आणि तिथेच राहतं. मग तो उत्तर देत नाही आणि आपण म्हणतो, गुंगीत आहे. पट्टा कानाच्या वरून गेला की यंत्र परत बसतं का पाहा. कानात बसणारं असेल तर अडचण येत नाही. कानामागचं असेल तर पट्टा किंचित वर सरकवावा लागतो.

बसताना रुग्णाचे डोळे आणि हात दोन्ही दिसतील असं बसा, नळी ज्या बाजूनं येते त्याच्या दुसऱ्या बाजूला. कान मास्कच्या भोकांसमोर नेऊ नका. तिथे वाऱ्याचा आवाजच जास्त असतो, आणि संसर्ग असेल तर तो झोत थेट तुमच्या तोंडावर येतो. क्षयरोग किंवा फ्लूची शंका असेल तर एन-९५ लावूनच बसा, पण मग लक्षात ठेवा, की तुमचेही ओठ आता झाकलेत. तुम्हीही सावकाश बोला.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. 'काय हवंय?' हा सर्वांत वाईट प्रश्न, कारण उत्तराला सगळी भाषा मोकळी राहते. 'पाणी हवं की चहा?' हाही वाईट, कारण एका दाबाचा अर्थ पाणी की चहा? आधी विषय पकडा. 'शरीराचं काही आहे? मशीनचं? घरच्या कुणाबद्दल?' प्रत्येक प्रश्नानंतर तीन सेकंद थांबा. विषय कळला की मास्कमधले अर्धे शब्दही ओळखू येतात.

कळलं नाही तर 'काय? काय?' करू नका, त्यानं रुग्णाला पूर्ण वाक्य पुन्हा म्हणावं लागतं. जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवा आणि राहिलेलंच विचारा: 'रमेशला... रमेशला काय?' त्याला एकच शब्द बोलायचा उरतो. दोनदा प्रयत्न करूनही जमलं नाही, तर तिसऱ्यांदा बोलायला लावू नका, पाटी किंवा तक्ता काढा.

आणि कळल्याचं नाटक नको. 'हो हो, करते' म्हणून आपण वळतो, आणि रुग्णाला ते लगेच कळतं. त्यानंतर तो सांगणंच सोडतो, हे सगळ्यात वाईट. 'मला नाही कळलं, पण कळेपर्यंत मी इथेच आहे' असं म्हणा.

तक्ता, पाटी आणि वर्णमाला

पहिल्याच दिवशी सिस्टरना विचारून घ्या: लिहायच्या हाताला सलाईन नको, आणि बोटाला लावायचा सॅच्युरेशन मोजणारा चिमटा (प्रोब) दुसऱ्या हाताला. एवढ्यावर लिहिता येणं न येणं ठरतं.

ए-फोर कागद आडवा धरून त्यावर आठ ते दहा चौकोन आखा, जास्त नको. अक्षरं जाड काळ्या मार्करनं, किमान अडीच सेंटिमीटर उंच, कारण या मास्कवर बऱ्याच जणांना चष्मा लावता येत नाही. लॅमिनेट केलंत तर पुसता येतं. मजकूर साधारण असा: दम लागतोय, मळमळतंय, दुखतंय, मास्क टोचतोय, तहान, लघवी, संडास, वळवा, गरम-गार, कुणाला तरी बोलवा. मागच्या बाजूला घरच्यांची नावं आणि ० ते १० आकडे, दुखणं किती ते दाखवायला. तक्ता मांडीवर ठेवू नका. मास्कमुळे खालचं दिसत नाही. डोळ्यांसमोर, हातभराच्या अंतरावर उभा धरा.

'मळमळतंय' याला वेगळी, हातानं करायची खूण हवीच, आणि ती खोलीतल्या प्रत्येकाला माहीत हवी. उदाहरणार्थ, मूठ पोटावर दोनदा आपटणं. फुल फेस मास्कमध्ये उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. खूण दिसली की आधी मास्क काढा, कुशीवर वळवा, मग सिस्टरना हाक मारा. ज्याला स्वतःच्या हातानं मास्क काढता येत नाही, अशा रुग्णाला फुल फेस मास्कवर एकटं सोडू नये.

लिहिता येत असेल तर मुलांची पुसायची पाटी उत्तम, पाठीमागे कडक आधार हवा. लिहिताही येत नाही आणि तक्त्यात नाही असं काही सांगायचं असेल, तेव्हा आपली वर्णमाला फार कामाची आहे. ती आधीच उच्चाराच्या जागेप्रमाणे ओळींत बसवलेली आहे आणि शाळेत गेलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. आठ ओळी लिहा:

अ इ उ ए ओ
क ख ग घ
च छ ज झ
ट ठ ड ढ ण
त थ द ध न
प फ ब भ म
य र ल व
श स ह ळ

तुम्ही ओळीचं पहिलं अक्षर म्हणत जा: 'अ ची ओळ? क ची? च ची?' रुग्ण हात दाबेल तिथे थांबा, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणा. प्रत्येक अक्षर लगेच कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर काहीही विचारायचं नाही, ते तुम्ही भरायचं. 'ख', 'ड' झालं की 'खिडकी?' असं विचारता येतं. दोन-तीन अक्षरांतच बहुतेक शब्द ओळखू येतात. इंग्रजी अक्षरांचे छापील तक्ते मिळतात, पण मराठीत विचार करणाऱ्या आजीला त्यात स्पेलिंगचं वेगळंच ओझं होतं.

माइक आणि फोन

शिक्षक कमरेला लावतात तो छोटा आवाजवर्धक इथे वापरता येतो, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तो आवाज मोठा करतो, स्पष्ट करत नाही. ज्यांचा आवाज मुळात क्षीण आहे आणि शब्द ठीक आहेत, त्यांना फायदा होतो. माइक मास्कच्या बाहेर गालाच्या बाजूला, भोकांपासून लांब धरा, आणि ट्रेबलचं बटण असेल तर ते वाढवा, बास कमी करा. गळ्याला लावायचा थ्रोट माइक हवेचा आवाज कमी पकडतो, पण स-श त्यातही येत नाहीत. बॅटरीवरची कुठलीही वस्तू मास्कच्या आत घालायची नाही. आत ऑक्सिजन असतो.

फोनवर टाइप केलेलं मराठी मोठ्यानं वाचणारी ॲप्स तरुण रुग्णांना छान जमतात. मास्कमधून बोलून टाइप करून घेण्याच्या भरवशावर मात्र राहू नका.

बाकीचे मास्क

नाकावरच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं, पण बोलायला उघडलं की नाकातून आलेली हवा तोंडावाटे सुटते आणि गळतीचा अलार्म वाजतो. इथे वाक्यं आणखी छोटी, आणि प्रत्येक वाक्यानंतर तोंड मिटून दोन श्वास. हाय फ्लो कॅन्युलात (नाकात बसणाऱ्या, जोरात हवा देणाऱ्या नळीत) मिनिटाला ६० लिटरपर्यंत हवा जाते, तरी ओठ मोकळे असल्यानं बोलणं बरंच कळतं. पिशवीच्या ऑक्सिजन मास्कमधून आवाज ठीक येतो. पिशवी श्वासाबरोबर पूर्ण चिकटत नाही ना, तेवढं बघा. हेल्मेटमध्ये (अख्खं डोकं झाकणाऱ्या पारदर्शक टोपात) आतल्या हवेचा आवाज इतका असतो, की रुग्णालाच तुमचं ऐकू जात नाही. तिथे सरळ लिहा. एएलएस किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफी अशा स्नायू दुबळे करणाऱ्या आजारांच्या काही रुग्णांना दिवसा मास्कऐवजी ओठात धरायच्या नळीवर श्वास देता येतो आणि त्यांचं बोलणं पुष्कळ सुटतं. डॉक्टरांना जरूर विचारा. ट्रॅकिऑस्टॉमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्याचा) प्रकार वेगळा आहे. त्यातली एकच गोष्ट इथे: नळीभोवतीचा फुगा (त्याला इंग्रजीत 'कफ' म्हणतात) फुगलेला असताना बोलायचा व्हॉल्व्ह बसवला तर श्वास बाहेर पडायला वाटच राहत नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

मोठं बोलणं असेल तेव्हा

संमतीपत्र, पैशांचे व्यवहार, पुढे व्हेंटिलेटर लावायचा की नाही, मुलांना काही सांगायचं असेल, या गोष्टी मास्कमधून हात दाबून उरकू नका. डॉक्टरांना विचारा, मास्क किती मिनिटं काढता येईल आणि तेवढ्या वेळात नाकाला कोणता ऑक्सिजन ठेवायचा. पहिल्या दिवशी मास्क शक्य तितका सलग ठेवायचा असतो, त्यानंतर जेवण आणि तोंड धुणं यासाठी सुटी मिळते. त्या सुटीतली पहिली पाच मिनिटं जेवणाआधी बोलण्याला द्या. जेवल्यावर दम लागलेला असतो. कोण बोलणार हे आधी ठरवा, एका वेळी एकच माणूस, आणि महत्त्वाचा प्रश्न पहिला. सॅच्युरेशन ठरलेल्या पातळीखाली गेलं किंवा धाप वाढली की मास्क परत लावा, राहिलेलं वर्णमालेवर.

हॉस्पिटलात वाक्‌-श्रवणतज्ज्ञ असतील तर त्यांना बोलावून घ्या, लकव्याच्याच रुग्णांसाठी ते असतात असं नाही.

सगळ्या खुणा ठरल्या की एका कागदावर लिहून पलंगाच्या डोक्याशी लावा, कारण ड्युटी बदलली की नवीन सिस्टर, नवीन मावशी आणि रात्री थांबणारा भाचा यांना काहीच माहीत नसतं. कागदावर एवढंच हवं: ऐकू येतं, यंत्र डाव्या कानात. हात एकदा हो, दोनदा नाही. बोट वर म्हणजे अजून बोलायचंय. पोटावर मूठ म्हणजे मळमळ, मास्क लगेच काढा. 'लघवी', 'वळवा', 'बेडका' हे शब्द वापरतात. तक्ता उजव्या कठड्याला, मार्कर उशीखाली.